शेगाव आणि लोणारच्या मध्ये काय आहे? घाटावरचा, घाटाखालचा आणि मधल्या जंगलातला बुलढाणा

बुलढाणा जिल्ह्यात येणाऱ्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिले शेगावला रेल्वेतून उतरतात, गजानन महाराजांचं दर्शन घेतात, कचोरी बांधून घेतात आणि परतीची गाडी पकडतात. दुसरे लोणारला जातात, विवराच्या काठावर फोटो काढतात आणि अंधार पडायच्या आत छत्रपती संभाजीनगर गाठतात. तिसरा प्रकार नवा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाल्यापासून अनेक जण हा जिल्हा तासाभरात ओलांडतात. त्यांना बुलढाणा दिसतो तो काचेतून, सोयाबीन आणि कपाशीच्या सपाट हिरव्या-तपकिरी पट्ट्यासारखा.

अमेरिकेच्या मधल्या गवताळ मैदानांबद्दल तिकडे असंच बोललं जातं. विमानातून वरून बघायची जागा, उतरायची नाही. बुलढाण्याची गत काहीशी तीच झाली आहे. खरं तर ९,६६१ चौरस किलोमीटरच्या आणि १३ तालुक्यांच्या या जिल्ह्यात तीन दिवस सहज कमी पडतात. फक्त जिल्ह्याची रचना आधी समजून घ्यावी लागते.

घाटावर की घाटाखाली?

बुलढाण्यातल्या माणसाला गाव विचारलं तर नावाबरोबर तो बरेचदा 'घाटावर' किंवा 'घाटाखाली' हेही सांगतो. हा नुसता पत्ता नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे जिल्ह्याच्या जमिनीला सरळ दोन मजले पडले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा हे तालुके वरच्या पठारावर, म्हणजे घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे खाली, पूर्णा नदीच्या काळ्या मातीच्या सपाटीवर. ही सपाटी उत्तरेला जाऊन थेट सातपुड्याला टेकते.

दोन्ही मजल्यांचं पाणीसुद्धा वेगवेगळ्या समुद्रांना जातं. घाटाखालची पूर्णा तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्राला. बुलढाणा शहराजवळच्या डोंगरात उगम पावणारी पैनगंगा मात्र पूर्वेला निघते, मेहकरवरून पुढे जात वर्धेला मिळते आणि तिचं पाणी शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात पोचतं. एकाच डोंगराच्या दोन उतारांवर पडलेल्या पावसाच्या वाटा इतक्या वेगळ्या. (घाटावरून वाहणाऱ्या खडकपूर्णेलाही पुढे पूर्णाच म्हणतात, पण ती गोदावरीच्या खोऱ्यातली. नकाशा बघताना इथे गोंधळ होतोच.)

बुलढाणा शहर घाटावर, सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. विदर्भ म्हटलं की डोळ्यांसमोर येणारं ऊन इथे जरा सौम्य होतं. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हातात आला आणि पुढे या थंड हवेच्या गावात जिल्ह्याचं ठाणं बसलं. गावाचं नाव 'भिलठाणा'वरून, म्हणजे भिल्लांच्या ठाण्यावरून आलं असं सांगितलं जातं. बुलडाणा आणि बुलढाणा अशी दोन्ही रूपं पाट्यांवर आणि जुन्या कागदांवर दिसतात. दोन्ही एकच.

खामगाव: मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी आलेली रेल्वे

मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर जलंब नावाचं छोटं स्टेशन आहे. तिथून साधारण १३ किलोमीटरचा एक फाटा खामगावला जातो आणि तिथेच संपतो. मुख्य मार्ग सोडून एवढ्याशा अंतरासाठी वेगळी लाईन टाकायचं कारण एकच होतं, कापूस.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. दक्षिणेकडच्या राज्यांतून इंग्लंडला जाणारा कापूस अडला आणि मँचेस्टर परिसरातल्या गिरण्या बंद पडू लागल्या. पर्याय म्हणून ब्रिटिशांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर गेली. खामगावला कापसाचा मोठा बाजार आधीपासून होताच. युद्ध संपल्यावरही ही गरज गेली नाही. १८७० मध्ये तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले आणि त्यांच्या हस्ते या रेल्वेचं उद्घाटन झालं. एका तालुक्याच्या गावातल्या फाट्यासाठी देशाचा सर्वोच्च अधिकारी येतो, यावरून त्या कापसाची किंमत कळते.

पण त्या कापसाने शेतकऱ्याला काय दिलं, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो. रेल्वेमुळे वऱ्हाडचा शेतकरी जगाच्या बाजाराला जोडला गेला, आणि लिव्हरपूलला भाव पडला की त्याचा फटका खामगावात बसू लागला. ज्वारीच्या रानात कपाशी आली, पिकासाठी कर्ज आलं. पश्चिम विदर्भातल्या आजच्या शेतीसंकटाची चर्चा एखाद्या दुष्काळापासून किंवा एखाद्या सरकारी धोरणापासून सुरू केली जाते. तिची एक मुळी दीडशे वर्षांपूर्वीच्या या तेरा किलोमीटरच्या रुळांखालीही सापडते.

आजचं खामगाव चांदीच्या कामासाठी ओळखलं जातं, म्हणून 'रजतनगरी'. सराफ्यात चांदीची भांडी, मूर्ती आणि देव्हारे बघत तासभर सहज जातो. इथली आणखी एक गंमत म्हणजे 'मोठी देवी'. बाकी महाराष्ट्रात नवरात्र संपून देवीचं विसर्जन झालेलं असतं, तेव्हा कोजागिरीला खामगावात देवी बसते.

खारपाण पट्टा: हिरव्या शेताखालचं खारं पाणी

शेगावहून उत्तरेला, संग्रामपूर आणि जळगाव जामोदच्या दिशेने निघालं की रस्ता पूर्णेच्या खोऱ्यातून जातो. जमीन सपाट, काळी आणि दिसायला श्रीमंत. पण हा भाग खारपाण पट्ट्यात येतो. अमरावती आणि अकोल्यापासून इथपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे. नदीने हजारो वर्षं आणून टाकलेल्या गाळाच्या जाड थरात क्षार साठलेले आहेत, आणि वरच्या चिकण मातीतून पाण्याचा निचरा नीट होत नाही. विहीर खणली, बोअर मारली तरी ते पाणी पिकाला आणि माणसाला फारसं कामाचं नसतं. या पट्ट्यातल्या गावांमधून मूत्रपिंडाच्या आजारांच्या तक्रारी वर्षानुवर्षं येत आहेत.

म्हणून इथली शेती मोठ्या प्रमाणात पावसावर आहे. पूर्णेवर नांदुरा तालुक्यात होणारा जिगाव प्रकल्प या भागाला सिंचन देईल असं सांगितलं गेलं, पण तो दीर्घकाळ रखडला. पर्यटकाला या सगळ्याशी काय घेणं, असं वाटू शकतं. पण या पट्ट्यातल्या गावात पाहुण्यासमोर ठेवलेला पाण्याचा तांब्या किती लांबून आलेला असू शकतो, हे माहीत असलेलं बरं.

पावसावरचं हे अवलंबित्व भेंडवळमध्येही दिसतं. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावात अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. शेतात गोल करून धान्य मांडतात, मध्ये घागर ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दाण्यांची हालचाल बघून पाऊस, पीक आणि अगदी राजकारणाचंही भाकीत सांगतात. दरवर्षी त्याचे व्हिडिओ व्हायरल होतात. या भाकितांना कोणताही वैज्ञानिक आधार नाही आणि अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीने त्यावर वारंवार आक्षेप घेतला आहे. तरी पहाटे शेकडो शेतकरी तिथे उभे असतात. विहिरीचं पाणी खारं असलेल्या मुलखात पावसाची बातमी कुठूनही आली तरी ऐकली जाते.

याच रस्त्याने पुढे गेलं की सातपुडा लागतो. संग्रामपूर तालुक्यातलं अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे आणि सोनाळा हे त्याचं जवळचं मोठं गाव. मेळघाट म्हटलं की लोक चिखलदऱ्याचा रस्ता धरतात, बुलढाण्याच्या बाजूनेही त्या जंगलात शिरता येतं हे फार कमी जणांना माहीत असतं.

ज्ञानगंगा आणि तीन हजार किलोमीटर चाललेला वाघ

खामगावहून बुलढाण्याला जाणारा बोथा घाटाचा रस्ता हा जिल्ह्यातला सगळ्यात सुंदर रस्ता म्हणायला हरकत नाही. घाटाखालून घाटावर चढताना तो ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. १९९७ मध्ये घोषित झालेलं हे अभयारण्य सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं आहे. जंगल शुष्क पानगळीचं, म्हणजे उन्हाळ्यात उघडंबोडकं आणि पहिल्या दोन पावसांत ओळखू न येण्याइतकं हिरवं. अस्वल, बिबट्या, नीलगाय, रानडुक्कर हे इथले रहिवासी. ज्ञानगंगा आणि पलढग ही धरणं जंगलाला पाणी देतात.

२०१९ पर्यंत या जंगलाचं नाव जिल्ह्याबाहेर फारसं कुणी घेत नव्हतं. त्या वर्षी यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण नर वाघ बाहेर पडला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, त्यामुळे तो कुठे जातोय हे संशोधकांना कळत होतं. शेतं, ओढे, रस्ते, महाराष्ट्र आणि तेलंगणातले जिल्हे ओलांडत, दिवसा लपत आणि रात्री चालत तो १,३०० किलोमीटरहून जास्त अंतर कापून डिसेंबर २०१९ मध्ये ज्ञानगंगेत पोचला. सगळी भटकंती मोजली तर नऊ महिन्यांत ३,००० किलोमीटरहून अधिक. भारतात नोंदल्या गेलेल्या वाघांच्या प्रवासांत हा सर्वाधिक लांबीच्या प्रवासांपैकी एक. लोकांनी त्याला 'वॉकर' नाव दिलं.

वॉकरला भक्ष्य मिळत होतं, पाणी मिळत होतं, जागाही होती. या जंगलात दुसरा वाघ किंवा वाघीण नव्हती. त्याच्यासाठी वाघीण आणून सोडावी का, यावर चर्चा झाली. त्यावरचा आक्षेपही सोपा होता. ज्ञानगंगा हे शेतांनी आणि गावांनी वेढलेलं लहान जंगल आहे, त्याला मोठ्या जंगलांशी जोडणारा सलग पट्टा नाही. एक वाघ कसाबसा मावतो. बछडे मोठे झाले की ते कुठे जाणार? वॉकरसारखंच कापसाच्या शेतांतून.

एका वाघाने जीपीएसच्या ठिपक्यांनी काढलेला हा नकाशा दाखवतो, की आपण ज्याला नुसती शेती समजतो त्या प्रदेशातून वन्यप्राण्यांच्या वाटा अजून जातात. नाल्याकाठची झुडपं, पडीक माळरान, दोन शेतांमधला बांध यांवरून. बोथा घाटातून गाडी हळू चालवायची ती यासाठी. रात्रीचा प्रवास तर टाळावाच.

लोणार: काठावरून परत फिरू नका

लोणारबद्दल शाळेच्या पुस्तकापासून रील्सपर्यंत सगळीकडे सांगितलं जातं, म्हणून इथे मोजकंच. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आणि दीडशे मीटरच्या आसपास खोलीचं हे विवर बेसाल्ट खडकात उल्का आदळून तयार झालं. बराच काळ ते ज्वालामुखीचं मुख मानलं जाई. १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकातल्या शोधनिबंधाने, प्रचंड आघातानेच बनू शकणारी काच इथल्या खडकात दाखवून तो वाद जवळपास संपवला. वयाबद्दल मात्र अजून मतभेद आहेत. जुन्या पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षं आलं, तर २०१० मधल्या संशोधनाने ५ लाख ७० हजार वर्षं. सोशल मीडियावर यातला एकच आकडा ठामपणे फिरतो, हे लक्षात असू द्या. चंद्र आणि मंगळावरचा बराच खडक बेसाल्टच असल्याने तिथली विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ लोणारला येतात.

जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले तेव्हा खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचं दिसलं. त्या उन्हाळ्यात पाणी कमी होऊन क्षार वाढले होते. काही काळाने रंग गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातली ही दुसरी जागा.

आता खरी काळजीची गोष्ट. लोणारचं वैशिष्ट्य म्हणजे त्याचं खारं, अल्कधर्मी पाणी. साबण आणि काचेसाठी इथून खार काढत असल्याचा उल्लेख अकबराच्या काळातल्या 'आइन-ए-अकबरी'तही आहे. या पाण्यात जगणारे सूक्ष्मजीव दुसरीकडे सहज सापडत नाहीत. काठावरचे झरे गोडे आहेत, आणि गोड्या पाण्याचं, शेतातून आणि गावातून येणाऱ्या पाण्याचं प्रमाण वाढलं की सरोवराचा खारटपणा उतरतो. म्हणजे दुष्काळी मराठवाड्याच्या उंबरठ्यावरच्या या सरोवरात पाणी भरपूर आहे, ही आनंदाची बातमी असेलच असं नाही. 'तळं भरलं' म्हणून टाळ्या वाजवण्याआधी एवढं माहीत हवं.

काठावरून फोटो काढून परतणाऱ्यांचं सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. धारेजवळून विवरात उतरणारी वाट आहे. खाली जंगलात जुनी मंदिरं आहेत, काही झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेली. पाण्याजवळ कमळजा देवीचं मंदिर आहे. सकाळी लवकर, स्थानिक वाटाड्या घेऊन आणि पाणी बरोबर ठेवून उतरावं. चढताना दमछाक होते. गावातलं दैत्यसूदन मंदिर चुकवू नये. लोणासुराला विष्णूने मारल्याची कथा या मंदिराशी जोडलेली आहे आणि बाहेरच्या भिंतींवरचं कोरीव काम बघायला निवांत वेळ लागतो.

सिंदखेड राजा आणि एक विसरलेली लढाई

१२ जानेवारीला सिंदखेड राजामध्ये पाय ठेवायला जागा नसते. जिजाऊंचा जन्म १५९८ मध्ये इथे झाला. इतर दिवशी मात्र लखुजीराव जाधवांचा राजवाडा, रंगमहाल, मोती तलाव आणि पुतळा बारव निवांत बघता येतात. लखुजीरावांची १६२९ मध्ये देवगिरीवर निजामशाही दरबारात हत्या झाली. त्यांची दगडी समाधी इथे आहे आणि तिचा आकार बघून जाधवांचं त्या काळातलं वजन लक्षात येतं. २०२४ मध्ये समाधीच्या परिसरात पुरातत्त्व विभागाच्या खोदकामात शेषशायी विष्णूचं मोठं शिल्प सापडलं, तेव्हा गाव पुन्हा बातम्यांत आलं.

याच तालुक्यात साखरखेर्डा आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये इथे निजाम-उल-मुल्क आणि मोगल सुभेदार मुबारिज खान यांच्यात लढाई झाली. मुबारिज खान मारला गेला आणि निजामाच्या हैदराबाद राज्याचा पाया घातला गेला. पुढची सव्वादोनशे वर्षं मराठवाड्याचं नशीब ज्या सत्तेने ठरवलं, ती सुरू झाली या गावाजवळच्या रानात. विजयानंतर गावाला फतेखेर्डा नाव दिलं गेलं, पण लोकांनी जुनंच नाव ठेवलं.

लोणारहून सिंदखेडकडे जाताना मेहकरला थांबता आलं तर बालाजीची भव्य काळ्या पाषाणातली मूर्ती बघता येते. ती १८८८ मध्ये जमिनीखाली सापडली. देऊळगाव राजाचं बालाजी मंदिर वेगळं, ते जाधव घराण्याशी जोडलेलं.

कसं फिरायचं?

रेल्वेने येणार असाल तर शेगावपासून सुरुवात सोयीची. गजानन महाराज संस्थानाची भक्तनिवासं स्वच्छ आणि परवडणारी आहेत, पण गुरुवारी, प्रकट दिन, रामनवमी आणि ऋषिपंचमीच्या सुमारास गर्दी असते. पहिल्या दिवशी शेगाव, खामगाव आणि बोथा घाटाने उजेडातच बुलढाणा. दुसऱ्या दिवशी चिखली, मेहकरमार्गे लोणार, मुक्काम तिथेच. तिसऱ्या दिवशी पहाटे विवरात उतरून दुपारनंतर सिंदखेड राजा, आणि तिथून जालना जवळ आहे. अंबाबरवा जोडायचं असेल तर एक दिवस वाढवा आणि प्रवेशाच्या वेळा, परवानगी आणि जिप्सीची सोय वन विभागाकडून आधी विचारून घ्या. पावसाळ्यात जंगल पर्यटन बंद असू शकतं.

एसटी सगळीकडे जाते, मात्र घाटावरून घाटाखाली जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा बघूनच निघावं. ऑगस्टच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला. एप्रिल-मेमध्ये घाटाखाली पारा ४० च्या वर असतो. जेवायला कचोरीवरच थांबू नका. रस्त्याकडेच्या साध्या खानावळीत ज्वारीची भाकर, ठेचा, पातोडीची भाजी मिळते, मलकापूरच्या बाजूला खान्देशी शेवभाजी आणि वरण-बट्टीही. समृद्धीवरून येणाऱ्यांनी मेहकर किंवा सिंदखेड राजाच्या इंटरचेंजला खाली उतरावं. तिथून लोणार तासाभराच्या आसपास आहे.